दुसऱ्या माईकमधली खरखर

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी बायकोच्या माहेरचा एक नियम मला अजून पाळावा लागतो. कुणी गोष्ट सांगत असेल तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. तीन-चार वाक्यं झाली की 'हं', गोष्ट रंगात आली की 'बरं, मग?' हुंकार थांबला की गोष्टही थांबते. तिची माणसं कित्येक पिढ्या बेंगळुरूत आहेत, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलंय, पण हा नियम काही सुटलेला नाही. मी पुण्याचा. आमच्याकडे गोष्ट ऐकणारा मधेच चुका काढतो.

म्हणून आमच्या पॉडकास्टला दोन माईक लागले. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सोसायटीत पुण्या-नागपूरकडची बरीच कुटुंबं आहेत. त्यांची पोरं घरात इंग्रजी आणि खाली खेळताना हिंदी बोलतात. बायको शाळेत शिकवते, गोष्टी तिला तोंडपाठ. या पोरांसाठी तिनं मराठीत गोष्टी सांगायच्या आणि मी हुंकार द्यायचा, असं ठरलं. एका माईकवर दोघांचं भागेल, असं मी सुचवून बघितलं.

"हुंकार लांबून आला तर तो हुंकार कसला? शेजारी बसल्यासारखा ऐकू यायला पाहिजे," ती म्हणाली. विषय संपला.

मागची छोटी खोली रिकामी केली. भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली जाड सतरंजी अंथरली, खिडकीच्या फटींत जुनी फडकी कोंबली. टेबलावर दोन माईक, दोन केबली आणि त्या केबलींचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा एक छोटा डबा. पहिला माईक माझा, दुसरा तिचा. पहिल्याच चाचणीत एक घूं असा आवाज मागे लागला. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. त्यामुळे मला खरं तर आनंदच झाला. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय फरक पडला ते लिहून ठेवायचं, मग पुढची बदलायची. मी लगेच लॅपटॉपवर तक्ता उघडला. फ्रिज बंद, पंखा बंद, इन्व्हर्टर बंद. शेवटी सापडलं की त्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियन आला, वायर जोडून गेला, घूं गेलं. दोन दिवस मी ऑफिसात भेटेल त्याला ही हकिगत ऐकवली.

घूं गेल्यावर त्याच्याखाली दडलेलं दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं. दुसऱ्या माईकमध्ये बारीक खरखर होती. वाक्य संपत आलं, आवाज खाली उतरला की फरशीवरून सुका खराटा ओढल्यासारखी. हेडफोन लावल्याशिवाय ती कळत नसे.

पुन्हा तक्ता. केबल बदलली, खरखर तशीच. डब्यातलं भोक बदललं, तशीच. मग माईकांची अदलाबदल केली. आता खरखर पहिल्या माईकमध्ये आली. म्हणजे माईक ठीक होता. माईक परत जागेवर ठेवून मग खुर्च्या बदलल्या. ती माझ्या जागी, माझ्या माईकपुढे, माझ्या केबलीवर बसली आणि तिनं कोल्ह्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मी हेडफोन दाबून धरले होते. कोल्हा विहिरीपाशी आला आणि वाक्याच्या शेवटी खरखर आली.

आता बदलायला एकच गोष्ट उरली होती, आणि ती समोर बसून पाणी पीत होती.

"काय झालं रे? असा का बघायलायस?"

"काही नाही," मी म्हणालो. "केबल असेल."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिची आई घशाच्या कॅन्सरनं गेली, आणि त्याची सुरुवात आवाज बसण्यापासून झाली होती. आमचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. धूळ आहे, हवा बदललीये, बेंगळुरूत कुणाला ॲलर्जी नाही, असं सगळे म्हणत होते. नव्या जावयानंही मान डोलावून तेच म्हटलं होतं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की जरा आधी यायला हवं होतं. बायको तिथं डॉक्टरांपुढे माझ्या शेजारीच बसली होती. तिनं नुसती ओढणी घट्ट धरली.

इतकं सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस काय करेल? उठेल आणि बायकोला डॉक्टरकडे नेईल. मी मात्र खरखर पुसून टाकली.

त्यासाठी सोय असते. नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा सॉफ्टवेअरला ऐकवायचा, मग ते पूर्ण रेकॉर्डिंगमधून तसा आवाज वेचून काढतं. दोन-तीनदा फिरवलं आणि खरखर नाहीशी झाली. तिचा आवाज असा गुळगुळीत झाला की मला आमचे लग्नाआधीचे फोन आठवले. मी तिला ऐकवलं.

"अय्यो, माझा आवाज इतका गोड आहे?" ती खूश झाली. तिनं ती गोष्ट तिच्या भावाला पाठवली, सोसायटीतल्या बायकांना पाठवली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसलो.

असे तीन आठवडे गेले. तीन आठवड्यांत तीन गोष्टी झाल्या, आणि तिन्ही मी पुसल्या. स्वतःची समजूत घालण्यात मी कधीच कमी पडलो नाही. मास्तरणींचा आवाज बसतोच. शाळेत गॅदरिंगची तालीम चालू आहे, ओरडावं लागतं. समोर बांधकाम आहे, धूळ आहे. हे सगळं मी मनात म्हणायचो आणि ती जेवताना घास गिळायला लागली की तिच्या गळ्याकडे बघायचो. तिनं खाकरलं की माझा घास हातात राहायचा. ती हाका मारायची तेव्हा मी मुद्दाम पहिल्या हाकेला ओ द्यायचो नाही, दुसरी हाक ऐकायला मिळावी म्हणून. इतका भेकडपणा मी आयुष्यात दुसऱ्या कशात केलेला नाही.

त्यात मी एक काम केलं, ते फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करेल. प्रोग्राममध्ये चूक दिसली की ती कधी शिरली हे शोधायची आमची एक रीत आहे. जुन्यातली जुनी आणि नव्यातली नवी प्रत घ्यायची, मग बरोबर मधली उघडायची. तिच्यात चूक नसेल तर ती नंतर शिरली, असेल तर आधी. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत नेमक्या दिवसावर पोचता येतं. बायकोला टाइप करायचा कंटाळा, ती व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवते. माझ्या फोनमध्ये तिचे वर्षभराचे निरोप होते.

ऑफिसला जाताना आउटर रिंग रोडवर कॅब तासभर अडकते. त्या तासात मी कानात हेडफोन घालून बायकोला मधोमध कापत गेलो. 'येताना कोथिंबीर आण, कालच्यासारखी पिवळी नको.' स्वच्छ. 'ऑटो मिळत नाहीये, मी चालत निघालेय.' खरखर. मागे या. 'अरे, गॅसवाला येऊन गेला, तू फोन का उचलत नाहीस?' स्वच्छ. पुढे या. चौथ्या दिवशी सापडलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिनं मला दोन निरोप पाठवले होते. सकाळच्या निरोपात काही नव्हतं. संध्याकाळी ती म्हणत होती, 'डोसा पीठ संपलंय, स्वल्प लवकर ये.' त्या 'ये'च्या शेवटी खरखर होती, अगदी पुसट. तेव्हापासून चार महिने उलटले होते. मी तक्त्यात तारीख लिहिली आणि पुढचा रकाना, चूक किती गंभीर आहे त्याचा, रिकामा सोडला. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं विचारलं, बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, एसी जरा जास्त आहे.

त्याच शनिवारी मी तिला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. तेही सरळ नाही. "रेकॉर्डिंगमध्ये आवाज जरा बसल्यासारखा येतोय, एकदा दाखवून घेऊ," असं म्हणालो.

"सरी, बरं, जाऊ या की," ती म्हणाली. तिनं निघताना भाजीची पिशवीही घेतली, येताना दुधी आणायचा होता.

बाजाराजवळचे डॉक्टर आम्हाला ओळखतात. तिच्याशी ते कन्नडमध्ये बोलतात, माझ्याकडे बघून मधे मधे हिंदी. किती दिवस झाले, त्यांनी विचारलं. पंधरा दिवस असतील, गॅदरिंगमुळे, तिनं हसून सांगितलं. ताप? नाही. दुखतं? नाही. त्यांनी टॉर्च मारून घसा पाहिला आणि लिहायला घेतलं. आठ दिवस गोळ्या, गरम पाण्याच्या गुळण्या, कमी बोला. नाहीच बरं वाटलं तर महिन्याभरानं या.

महिन्याभरानं. ते लिहीत होते आणि मी पेनाकडे बघत होतो. मी गप्प राहिलो असतो तर आम्ही दुधी घेऊन घरी गेलो असतो. मला तेच हवं होतं, हेही कबूल करतो. घरी जावं, गोळ्या घ्याव्यात, आठ दिवसांत सगळं बरं व्हावं.

"चार महिने झालेत," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान वर केली. बायको हसली. तिला वाटलं, मी काहीतरी घोटाळा करतोय.

"दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून. संध्याकाळपासून." मी फोन काढला, ते दोन निरोप लावले. आधी सकाळचा, मग संध्याकाळचा. मग गेल्या आठवड्यातला एक. त्या छोट्या केबिनमध्ये तिचा आवाज तीनदा ऐकू आला. मग मी तिच्या आईचं सांगितलं. ते सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, पण तिचं हसू थांबल्याचं मला कळलं.

डॉक्टरांनी तो कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. उद्याच जा, म्हणाले.

परतताना आम्ही ऑटोनं निघालो. घर पाचेक मिनिटांवर आलं तेव्हा ती ऑटोवाल्याला म्हणाली, "अण्णा, इथंच थांबवा." आणि उतरून चालायला लागली. मी ऑटोवाल्याला पैसे दिले आणि दहा पावलं मागून चालत राहिलो. सोसायटीच्या फाटकापाशी ती वळली.

"तक्ता दाखव."

मी तिथंच, वॉचमनच्या खुर्चीशेजारी, फोनवर तक्ता उघडून दिला. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. केबल, डबा, माईक, खुर्च्या. मग ती. मग तारखा.

"तीन आठवडे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू माझा आवाज पुसून मलाच ऐकवलास. मी तो भावाला पाठवला." तिनं फोन माझ्या हातात कोंबला. "घसा माझा आहे. आई माझी होती. घाबरायचं ते मी घाबरायचं ना आधी? तू कोण माझी भीती लपवून ठेवणारा?"

तुला जपायला म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटलो, आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही कळलं. मी मलाच जपत होतो. ती नसलेलं घर मला एक मिनिटसुद्धा डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. म्हणून मी डोळेच मिटून घेतले होते, आणि ते तीन आठवडे तिचे होते.

दुसऱ्या दिवशी नाकातून बारीक नळी घालून डॉक्टरांनी तिचा घसा पडद्यावर दाखवला. 'ई' म्हणा, ते म्हणाले. ती 'ई' म्हणाली. आवाजाच्या दोन पट्ट्यांपैकी उजवी हलली. डावी हलली नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा तेच. मानेचा आणि छातीचा स्कॅन करून घ्या, एवढंच ते म्हणाले. तीन आठवड्यांनी काही फरक पडला असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बहुधा नाही. त्यातला 'बहुधा' मला अजून झोपू देत नाही.

स्कॅनचा रिपोर्ट बुधवारी दुपारी तिच्या फोनवर आला. आम्ही दोघंही सुट्टी घेऊन घरी होतो.

"मी आधी वाचणार," ती म्हणाली. "तू बाहेर थांब."

मी गॅलरीत उभा राहिलो. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा पाइप, बादली, ओला रस्ता, हे सगळं मी बघत होतो आणि मला काहीही दिसत नव्हतं. पाच मिनिटं झाली असतील, दहाही असतील. मग तिनं हाक मारली. मी पहिल्या हाकेला आत गेलो.

ती दिवाणावर मांडी घालून बसली होती. तिनं रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला, वर्गात धडा वाचतात तसा, एक ओळ इंग्रजीतून आणि मग तिचा अर्थ मराठीतून. डावीकडे थायरॉइडला गाठ आहे. अडीच सेंटिमीटर. आवाजाच्या नसेला चिकटलेली असावी. सुईनं तुकडा काढून तपासायला हवा. एकही ओळ तिनं गाळली नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी खरखर होती आणि आता ती ऐकायला हेडफोन लागत नव्हते.

वाचून झाल्यावर तिनं फोन उशीखाली सरकवला.

"सोमवारी सुई आहे. तोपर्यंत काही कळणार नाही," ती म्हणाली. "आता आधी तू रडून घे. स्वल्पच. मग मला रडायचंय, तेव्हा तू मध्ये मध्ये समजवायचं नाहीस."

मी तिच्या पायाशी सतरंजीवर बसलो.