न प्यायलेलं दूध

पाळणाघराच्या मावशींचं खोटं बोलणं सगळ्या आयांना आवडायचं. ते खोटं आहे, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी एखादी आई धापा टाकत दाराशी आली, की मावशी मूल तिच्या कडेवर देत म्हणायच्या, "सगळं संपवलं हं आज. वाटी चाटूनपुसून." वाटीतलं अर्धं मुलाच्या केसांत आणि अर्धं मावशींच्या एप्रनवर गेलेलं असायचं. पण त्या बाईचा चेहरा उजळायचा.

मावशींची धाकटी बहीण त्यांच्या हाताखाली होती. मनाने चांगली, तोंडाने फटकळ. "तुझा शब्द गोड, मूल मात्र उपाशी," ती म्हणायची.

"उपाशी कसलं? भूक लागली की खातं. मूल म्हणजे गिरणी आहे का, वरून घातलं की खाली दळण पडायला? आणि ती बिचारी दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन येते. घरी जाताना तिला एक बरी बातमी नको?"

दोन खोल्या, बुटके पलंग, भिंतीवर एक रंगवलेलं बदक. त्याची चोच मुलांनी नखांनी खरवडून पार घालवली होती. प्रत्येक मुलाला मावशींनी ठेवलेलं एक नाव असे. अकरा महिन्यांचा एक बाळ कपाळाला आठ्या घालून सगळ्यांकडे बघायचा, म्हणून तो साहेब. "साहेब आज रजेवर आहेत," तो झोपला की मावशी म्हणायच्या.

त्या दिवशी साहेबाला त्याच्या वडिलांनी आणलं. बाळ खांद्यावर झोपलेलाच होता. "रात्रभर जागवलंय त्याने. झोपू द्या त्याला," वडील म्हणाले आणि घाईने गेले. झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही, हा मावशींचा नियमच होता. त्यांनी त्याला खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं आणि पडदा ओढला.

दुपारी त्याच्या आईचा फोन आला. ती कुठल्याशा बैठकीतून बाहेर येऊन कुजबुजत होती. "मावशी, दूध प्यायला ना?"

बाटली समोर ओट्यावर होती, भरलेली. "प्यायला की. आता बदकाशी गप्पा चालल्यात त्याच्या."

आईने समाधानाने फोन ठेवला. बहीण तेव्हा बाजारात गेली होती. थोड्या वेळाने, आज फारच झोपला म्हणून, मावशी साहेबाला उठवायला गेल्या, तर त्याची मान एका बाजूला कलंडली. श्वास घोरल्यासारखा येत होता. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात सगळं आटोपलं.

पोलिसांनी मावशींना विचारलं, तेव्हा आई समोरच बाकावर बसली होती. दुपारी जे सांगितलं, ते तिच्या तोंडावर फिरवायचं कसं? "दूध प्यायला, खेळला, मग झोपला," मावशी म्हणाल्या. त्या एका वाक्याने त्यांनी स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतला. डोक्याला मार बसून मूल गेलं होतं. दुपारी खेळणाऱ्या मुलाला मार बसला तो दुपारनंतरच, आणि तेव्हा पाळणाघरात मोठं माणूस एकच होतं.

खटला उभा राहिला. शवविच्छेदन करणारे सरकारी डॉक्टर तरुण, नीटनेटके. ते म्हणाले, "रक्तस्राव ताजा आहे. इतका मार बसल्यावर मूल दूध पिणार नाही, खेळणार तर नाहीच. म्हणजे मार त्यानंतरचा."

मावशींच्या बाजूचे डॉक्टर म्हातारे, मुलांच्या मेंदूचे जाणकार. "ताज्या रक्ताखाली जुनं रक्त आहे. मार आदल्या दिवशीचा असू शकतो. असं मूल गाढ झोपल्यासारखंच दिसतं. पोटात दुधाचा थेंबही नव्हता."

"दूध पचलं असेल," सरकारी डॉक्टर म्हणाले.

"किंवा प्यायलाच नसेल," म्हातारे डॉक्टर म्हणाले.

दोघेही शिकलेले, दोघेही शांत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच काचपट्ट्या दोघांनी पाहिल्या होत्या. न्यायाधीश एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले.

मग मावशी साक्षीला उभ्या राहिल्या. "तो दूध प्यायला नव्हता. उठलाच नव्हता. मी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या.

सरकारी वकिलांनी चष्मा काढला. "आईला खोटं सांगितलंत?"

"तिला बरं वाटावं म्हणून."

"पोलिसांनाही?"

"ती समोर होती."

"आणि बाकीच्या आयांना?"

मावशींनी मान वळवली. मागच्या बाकांवर त्यांच्या ओळखीच्या कितीतरी बाया होत्या. "सगळ्यांनाच," त्या म्हणाल्या.

"मग आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून धरायचं?"

संशयाचा फायदा मिळून मावशी सुटल्या. निर्दोष आहेत असं कोणी म्हटलं नाही. दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, एवढंच म्हटलं. वडिलांचं काय, असं मावशींनी आपल्या वकिलांना विचारलं तर ते हसले. "कोणाच्या शब्दावर धरायचं त्यांना? तुमच्या?"

कोर्टाच्या पायऱ्यांवर आई भेटली. पोट पुढे आलं होतं, दिवस भरत आले असावेत. नवरा गाडी आणायला गेला होता.

"मावशी," तिने हात धरला, "आता तर सगळं संपलंय. एकदाच सांगा. त्या दिवशी दूध प्यायला होता ना तो?"

तिला काय ऐकायचंय, ते मावशींना कळलं. हो म्हटलं असतं, तर ती बाई निर्धास्त घरी गेली असती. हो जिभेवर आलंच होतं, आयुष्यभराची सवय. पण नजर तिच्या पोटाकडे गेली.

"नाही गं पोरी. आणलं तेव्हापासून डोळा उघडला नाही त्याने. तू तरी त्या सकाळी त्याला जागा पाहिलंस का?"

बाईचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलले. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला आणि तिने हात सोडला.

"तुम्ही काय," ती म्हणाली, "तुम्ही काहीही सांगता. भर कोर्टात तुम्हीच कबूल केलंत."

नवऱ्याने आतून दार उघडून धरलं होतं. ती जपून, पोटाला हात लावून आत बसली.

बहीण खालच्या पायरीवर थांबली होती. "खरं सांगितलंस?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

मावशी गाडी गेली त्या दिशेला बघत राहिल्या. मग पायरी नीट बघत खाली उतरल्या.