माउसच्या वाटणीची विभूती

दोन-चार माणसं एका दुकानात टिकली की किस्से धुळीसारखे आपोआप साठतात, झाडायचं कुणाला सुचत न्हाई. आमचं बिदरमधलं लग्नपत्रिकांचं दुकान तसलंच. मालक शिवप्पा अण्णा, त्यांची बायको अक्का, आणि कॉम्प्युटरवर मी, कमठाण्याच्या धनगर घरातला.

*

काळ्या पडद्याची जुनी सिस्टीम अण्णांना लई प्यारी. मीच मागं लागून चित्रांची नवी टाकली. "आता सगळं माउसनं, अण्णा! नुसतं बोट हलवायचं," अशी फुशारकी पण मारली. तीन दिवस पडद्यावरचा बाण गुमान चालला. चौथ्या दिवशी नुसता आडवाच पळायला लागला, वर काही जाईना. नवरदेवाचं नाव उचलून वर ठेवायला गेलो, तर ते सरकत सरकत मामांच्या यादीत जाऊन बसलं.

अन् पत्रिका कुणाची? अण्णांच्याच पोरीची! मराठी-कन्नड दोन्हीत, सोमवारी वाटायला पायजे. अण्णा शांतपणे म्हणाले, "रविवारपर्यंत सरळ कर. न्हाईतर सोमवारपासून मेंढरं राख."

घरात पगार आणणारा मी एकटा.

*

गल्लीत जो तो वैद्य. पानवाला म्हणाला, नवीन जागेला बुजलाय, दोन दिवस हात लावू नका. अक्कानं दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्यानं गिऱ्हाईक पळालं, बाण आपला तिथंच.

*

शेवटी रविवारी हैदराबादच्या कॉम्प्युटरवाल्या इंजिनियरला फोन लावला. एसटीडी बूथ रस्त्यापलीकडं, माउस अलीकडं, म्हणून मधी पानवाल्याला उभं केलं. इंजिनियर मला इंग्रजीत सांगायचा, मी पानवाल्याला मराठीत, तो दारातल्या अक्काला दखनी उर्दूत ओरडायचा, अन् अक्का आत अण्णांना कन्नडमधी. चार भाषा ओलांडून निरोप मात्र बरोबर पोचला: माउस उलटा करा, पोटातली गोळी काढा.

बाण पळवणारी ती रबरी गोळी निघाली. मागोमाग भुरुभुरु पांढरी राख. मी पळत आत आलो अन् बघतच राहिलो.

"अण्णा, विभूती हितं कामून?"

अण्णा रोज दुकान उघडलं की कात्री, कॅल्क्युलेटर, प्रिंटर, सगळ्यांना विभूती लावायचे. माउसला वरून लावली की बटण दबायचं, पडद्यावर भलतंच काहीतरी उघडायचं.

"म्हणून खालून लावायलोय की," अण्णा म्हणाले. "त्याला एकट्यालाच कसं सोडू?"

*

अक्काच्या वातीच्या कापसानं गोळीलगतची बारकी चाकं पुसली. बाण सुतासारखा सरळ. नवरदेव आपल्या जागी गेला, संध्याकाळपर्यंत पत्रिका छापून झाल्या. पण नव्या सिस्टीमचा हट्ट माझाच, म्हणून नोकरी राहिली का गेली ते विचारायची माझी छाती झाली न्हाई.

सोमवारी जीव मुठीत धरून गेलो. अण्णा एकेकाला विभूती लावत लावत माउसपाशी आले. मी जोरात हाक मारली. हात थांबला. तीन बोटांवर घेतलेली विभूती पुसून टाकायची नसती. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं, अन् तिन्ही बोटं माझ्या कपाळावर ओढली.

"आजपासून ह्याच्या वाटणीची तुला," म्हणाले. "रोज वेळेवर येत जा."