अर्धी गोळी

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतर माझी बदली अड्याळच्या बाजूच्या एका गावी झाली. जनावरांच्या दवाखान्यात मी पट्टीबंधक होतो. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, एवढेच माझे काम. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस लोक मलाच डॉक्टर म्हणत. मी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

शेजारी एक विधवा बाई राहत. मी त्यांना वहिनी म्हणे. मुलगी नागपूरला, घरात त्या आणि एक म्हातारे कुत्रे. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की फटाके फुटत आणि ते कुत्रे भिंतीवर डोके आपटून घेई. त्याला गुंगी यावी म्हणून मी दरवर्षी दवाखान्यातून एक गोळी आणून देई. त्यातली अर्धी द्यायची. वहिनी ती अडकित्त्याने कापून गुळातून चारत.

शेवटच्या वर्षी कपाटात नव्या गोळ्या आल्या होत्या. रंग तोच, आकार तोच. पाकिटावरचा आकडा मी वाचला नाही. नेहमीसारखे "अर्धी" म्हणालो आणि मंडई पाहायला गेलो.

सकाळी कुत्रे चुलीपाशी ताठ होऊन पडले होते. मी दवाखान्यात जाऊन पाकीट पाहिले. गोळी पाचपट ताकदीची होती. परतलो तेव्हा वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या.

"भाऊजी, मी तं अर्धीच देली. जास्त झाली का?"

"अडकित्त्यानं बरोबर अर्धी होत नाही, वहिनी. तुमचा तुकडा मोठा झाला असंन."

त्या आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. आत फळीवर उरलेला तुकडा होता, तो मी खिशात घातला.

त्यानंतर त्या स्वतःची बीपीची गोळी मोडून घ्यायला माझ्याकडे येऊ लागल्या. म्हणत, "माह्या हाताचा भरोसा नाही. तुमी डॉक्टर माणूस." मी ब्लेडने कापून पुडी बांधून देई. असे त्या जाईपर्यंत चालले. दुसरे कुत्रे त्यांनी पाळले नाही.

तेरवीला मुलगी मला म्हणाली, "आईनं माह्या लेकराले कधी औषध पाजलं नाही, काका. ते तापानं फणफणे, तरी बाटलीले हात लावत नव्हती. मले तिचा राग येत होता."

मी तेव्हाही खरे सांगितले नाही. पोरी, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. तो तुकडा मी घरी नेऊन नीट पाहिला होता. तो बरोबर अर्धा होता.