कधीच फेल न होणारं कूपन

एखादा टेस्ट रिपोर्ट फारच चांगला आला, तर तुम्ही खूश होता की संशय घेता?

माझ्या मायक्रोस्कोपखाली स्टीलचा तुकडा होता आणि त्याचा कडकपणा दिसत होता एक हजार चाळीस. ड्रॉइंगवर किमान सहाशे मागितलं होतं. मॅनेजर कदम साहेब पेन पुढे धरून उभे.

"पास ना? मार सही. गाडी लागलीय."

"सर, हा आकडा शक्यच नाही."

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये गॅस नायट्रायडिंग चालतं; माल तपासून सही करायचं काम माझं. स्टीलचे पार्ट बंद भट्टीत पाचशे वीस डिग्रीला चाळीसेक तास ठेवायचे आणि आत अमोनिया सोडायचा. अमोनियातला नायट्रोजन पृष्ठभागात शिरतो. वरची पातळ कातडी खूप कडक होते, आतला गाभा चिवट राहतो. तयार पार्ट कापून तपासता येत नाही, म्हणून सोबत त्याच स्टीलचा एक तुकडा टांगतात. तो कूपन. तो कापायचा, हिऱ्याच्या टोकाने दाबायचा, कडकपणा मोजायचा.

या वेळचा माल म्हणजे ईएन एकोणीस जातीच्या स्टीलचे शाफ्ट, गिअर फिरवणारे दांडे. ते स्टील सातशेच्या आसपास थकतं. हजार गाठतं ते ॲल्युमिनियम मिसळलेलं, वेगळंच स्टील.

मी भट्टीकडे गेले. गायकवाड काका बेलवलीचे, कित्येक वर्षं भट्टीवर.

"काका, कूपन कुठल्या रॉडचं लावलं?"

त्यांनी ड्रॉवरमधून पत्र्याचा डबा काढला. आत एकसारखे कापलेले तुकडे.

"हा आपला लकी रॉड. आजपर्यंत फेल नाय गेला."

"सगळ्या जॉबला हाच?"

"साहेबांनीच सांगितलंय. मी थिनरने पुसून चकाचक करून टांगतो."

"आणि शाफ्ट?"

"ते टाकीत धुतात. पण टाकीचा हीटर आठवडाभर बंद आहे. बोललोय मी साहेबांना, दोनदा."

मला कळलं. थंड टाकीत तेल सुटत नाही. तेलकट पृष्ठभागात नायट्रोजन नीट शिरत नाही. कूपनला अंघोळ, मालाला नुसता शिंतोडा. मी शाफ्टच्या टोकावर फाइल, म्हणजे कानस, घासली. नीट कडक झालेल्या स्टीलवर फाइल घसरते. इथे ती चावली आणि भुसा पडला. पोर्टेबल टेस्टर लावला. चारशे दहा.

"पार्टी जुनी आहे," माझ्या मागोमाग आलेले कदम साहेब म्हणाले. "कधी विचारत नाही."

"सर, हे लिफ्टच्या गिअरबॉक्समध्ये जाणार."

"मग काय, लिफ्ट लगेच पडते?"

"पडणार नाही. शाफ्ट झिजेल, आणि कुणाची तरी आजी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकेल."

"जास्त शहाणी झालीस. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी सही केली. पण वर लिहिलं: कूपन वेगळ्या स्टीलचं, प्रत्यक्ष शाफ्ट चारशे दहा. आणि रिपोर्ट थेट पार्टीला मेल केला. त्या दिवशी मी डबा न खाता बॅग भरून बसले होते.

तासाभरात उल्हासनगरहून ती पार्टी, म्हणजे लालवानी सेठ, स्वतः आले. त्यांनी माझ्या टेबलावरची कानस उचलली आणि शाफ्टवर घासली.

"अरे कदम, ये तो मक्खन है! इतने साल मुझे क्या खिला रहे हो?"

"सेठ, पोरगी नवीन आहे..."

"नवीन आहे म्हणून तर तिला दिसलं!"

हीटर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. शाफ्ट गरम टाकीत धुतले, पुन्हा भट्टीत घातले. या वेळी कूपन सेठने पाठवलेल्या, शाफ्टच्याच स्टीलच्या रॉडमधून कापलं. आकडा आला सहाशे चाळीस. साधा, खरा. मी खाली सही केली.

माझी नोकरी राहिली, कारण सेठने माझ्या सहीशिवाय माल उचलायला नकार दिला. कदम साहेब आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. आधी गेलेल्या शाफ्टचं काय, याचं उत्तर मात्र कुणीच देत नाही. मी दर सोमवारी मेल टाकते.

जो नमुना कधीच फेल होत नाही, तो काही तपासतच नसतो.

म्हणून एवढं करा. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला लिफ्टवाल्याकडे शाफ्टचा टेस्ट रिपोर्ट मागा. कूपन त्याच स्टीलचं होतं का, हे विचारा. उत्तर लेखी घ्या. तो हसला तर हसू द्या, पण कागद हातात येईपर्यंत खुर्ची सोडू नका.