पहिल्या थापेला

माझी रूथआत्या आयुष्यभर दार उघडायला घाबरली, आणि आयुष्यभर पहिल्या थापेला दार उघडत राहिली.

काल दुपारी ती गेली. नव्वदी ओलांडून.

कॉन्व्हेंटच्या होस्टेलला सुट्टी लागली की मी तिच्याकडे जालन्याला. दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसायचो. ती दाराजवळच्या स्टुलावर, मी खाली.

दार वाजलं की सूप खाली ठेवून ती उठलेलीच.

"अक्का, कोण आहे ते तरी विचार!" मला सोडायला आलेले बाबा ओरडायचे. "चोर आला तर त्यालाही चहा पाजशील."

"चोर थाप मारून येत न्हाई रे."

पण कडी काढताना तिचा हात थरथरायचा. मला वाटायचं, बीपी असेल.

कारण तिनं सांगितलं मी कॉलेजात गेल्यावर.

अठ्ठेचाळीस सालचे, निजामावरच्या पोलीस ॲक्शनचे दिवस. ती तेरा वर्षांची. मुसलमानांच्या घरांवर हल्ले होणार अशा गावभर अफवा, गल्ल्या सामसूम. आजी धाकट्या बाबांना घेऊन माहेरी. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. "मी येईपर्यंत कडी काढायची नाही," असं बजावून तेही बाहेर गेलेले.

भर दुपारी दार वाजलं.

"रूथ, मैं खैरुन. दरवाजा खोल, जल्दी."

खैरुन मागच्या गल्लीतली. दोघी रोज पायरीवर सागरगोटे खेळायच्या.

आत्याचा हात कडीवर होता.

कडी निघाली नाही.

आणखी दोन थापा पडल्या. मग पावलं लांब गेली.

दुसऱ्या दिवशी खैरुनचं घर रिकामं होतं. ती कुठे गेली, पोचली का, कधीच कळलं नाही.

"आजोबांनीच सांगितलं होतं ना? तुझी काय चूक?" मी म्हटलं. "आणि देवानं क्षमा केलीच असेल की."

"केली. त्याच आठवड्यात केली. पण हात तोच राह्यला ना, बाई. त्याला शिकवावं लागतंय. रोज."

"अजून भीती वाटते?"

"बराबर वाटते. आधी म्हणायचे, प्रभू, भीती काढून टाक. आता म्हणते, राहू दे ती. फक्त हात उठू दे."

रोज सकाळी बायबल वाचून झालं की ती उठायची, कडी काढून दार सताड उघडायची. बाहेर कोणी नसलं तरी.

एका कडीची इतक्या वर्षांची प्रॅक्टिस! मला ते वेड वाटायचं.

माझ्या फ्लॅटला तीन लॅच आहेत. बेल वाजली की मी श्वास रोखून धरते, घरात कोणी नाही असं दाखवते. चर्चमध्ये मात्र पहिल्या बाकावर.

आज सकाळी सगळे दफनभूमीत तयारीला गेले होते. मी तिच्या घरात एकटी.

दार वाजलं.

कडीवर हात गेला आणि तिथेच राहिला. "कोण?" तोंडून निघालंच.

पुन्हा थाप.

तिसऱ्या थापेला उघडलं.

शेजारची सून. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्यात कप. बिचारी कोपरानं दार ठोकत होती.

तिसऱ्या थापेला, आत्या. उद्या परत बघते.

जा तू आता. तिकडे तुला कोणी 'कोण?' म्हणून विचारणार नाही.

तिनं सांगून ठेवलेलं घरच्यांसाठी इथेच लिहिते.

गीतांचं पुस्तक चर्चच्या क्वायरमधल्या मेबलला, तिला सगळ्या चाली येतात.

शाली वृद्धाश्रमातल्या बायकांना.

पत्र्याच्या डबीतले पाच सागरगोटे कोणीही घेऊ नयेत. ते खैरुनचे. तिच्या घरचं कोणी आलं, तर त्यांना.

आणि दाराजवळचा स्टूल बेबीला, म्हणजे मला. तो दारापासून लांब ठेवायचा नाही, असं बजावलंय.