पालीचा प्रिंटर

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवतो, की आमच्या अलिबागच्या ऑफिसात पासवर्ड टाकल्यावर म्हात्रेबाईंचा कॉम्प्युटर उघडायला वीस मिनिटं लागत. हजेरी त्याच्यावरच, म्हणून रेवदंड्याहून वेळेत येणाऱ्या बाईंना रोज लेटमार्क! आता तर साहेबांनी मेमोच लिहायला घेतला होता.

दुरुस्तीला आलेल्या त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याने आधी कशालाच हात लावला नाही. बाईंना पासवर्ड टाकायला सांगून, हाताची घडी घालून, तो नुसता घड्याळ बघत बसला. मग कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचून म्हणाला, "हा रोज सकाळी पालीच्या ऑफिसातला प्रिंटर शोधतो."

"ते ऑफिस कधीच बंद झालं!" साहेब म्हणाले.

"ह्याला कुणी सांगितलंच न्हाय."

त्याने ती जोडणी काढली. कॉम्प्युटर चुटकीसरशी उघडला. मग कुणी न सांगताच त्याने नोंदींचा कागद साहेबांपुढे ठेवला. बाईंचा पासवर्ड रोज दहाच्या आत पडला होता.

बाई ओरडल्या, "मग साहेब, मेमो त्या प्रिंटरला द्या!"