धारगडचे सरदार, मुक्काम हर्सूल

मधुसूदनराव कारभारींना तीन वर्षं ओळखत होते. हर्सूल तलावाच्या बाजूला दोघं सकाळी बरोबर फिरत. पण हा माणूस त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरला, खरं सांगायचं तर खुपला, तो एका रविवारी दुपारी.

कारभारी त्या दिवशी गंगापूरच्या शेतातल्या मोसंब्यांची पिशवी द्यायला आले होते. हॉलमध्ये मधुसूदनरावांची नात स्वराली मित्रमैत्रिणींबरोबर तिचा तो खेळ मांडून बसली होती. त्यात एक काल्पनिक राज्य असतं. प्रत्येकानं एकेका वीराचं सोंग घ्यायचं, काय करणार ते बोलून दाखवायचं, आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवणार. गोष्ट पुढे नेणारी स्वराली. वीरांचा पाठीराखा असलेल्या धारगडच्या म्हाताऱ्या सरदाराचं बोलणंही तीच करायची. त्या सरदाराकडे मंदार चाळीस घोडे मागत होता.

"चाळीस?" दारात चपला काढता काढता कारभारी म्हणाले. "अन् त्यायला चारा कोण टाकील रे, तुझा बाप?"

सगळे हसले. स्वराली हसली नाही. तिनं उठून आजोबांची वेताची खुर्ची कारभारींसाठी ओढली. "आबा, बसा. आजपासून सरदार तुम्ही."

खेळ सुरू होऊन वर्ष झालं होतं, पण मधुसूदनरावांना कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. एकदा त्यांनी आपणहून विचारलं, तर "आजोबा, तुम्हाला कंटाळा येईल," एवढंच उत्तर मिळालं होतं.

तेव्हापासून दर रविवारी तीन वाजता कारभारी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. सरदार म्हणून ते पटकन काही देत नसत. कुठून आलात, जेवलात का, बरोबर कोण आहे, सगळं विचारून मागितल्याच्या निम्मं द्यायचे. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. अश्लेषानं तर पुण्याची नोकरी घेऊ का, हेही खेळ मध्येच थांबवून सरदारांना विचारलं. मधुसूदनराव आतल्या खोलीत पेपर उघडून एकच बातमी तीनदा वाचत. पहिला चहा कुणाला गेला, हे त्यांना कपबशीच्या आवाजावरून कळे.

एका शनिवारी फिरताना ते बोलून गेले, "उद्या खेळ नाही हं. पोरं लग्नाला चाललीत."

"बरं झालं सांगितलं," कारभारी म्हणाले.

रविवारी साडेतीन वाजले. कारभारींचा फोन नेहमीसारखाच बंद होता. शेवटी स्वराली आत आली. "आजोबा, आजच्या दिवस तुम्ही बसता?"

ते बसले. मंदारनं हात जोडले. "सरदार, शत्रूनं गावं जाळली. तिथली दोनशे माणसं आसऱ्याला वेशीबाहेर आलीत. दार उघडू?"

मधुसूदनरावांनी याच दिवसासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. क्षात्रधर्मावर बोलले, कुळाच्या कीर्तीवर बोलले. चांगली पाच मिनिटं बोलले.

"म्हणजे..." मंदारनं हळूच विचारलं, "उघडू का नको?"

एवढ्या बोलण्यात ते सांगायचंच राहिलं होतं. मधुसूदनराव पुन्हा कुळाच्या कीर्तीकडे वळले.

"सरदारांना आज बरं नाही असं धरू," स्वराली म्हणाली. "चला, चहा घेऊ." ती मायेनं म्हणाली, म्हणून जास्तच लागलं.

मधुसूदनराव चपला घालून निघाले. दोन गल्ल्यांपलीकडे कारभारी मुलाच्या घराच्या पायरीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"कारभारी, लग्नबिग्न काही नव्हतं. मी खोटं बोललो."

कारभारी म्हणाले, "शेत थोरल्या पोराच्या हवाली केलं, इथं धाकल्याकडं आलो, दिवसभर भिंतीकडं बघत बसतो. एक रविवार व्हता, साहेब. त्यो बी बघवला नाय तुमाला?"

"चुकलो."

"ते ऱ्हाऊ द्या. तिथं काय झालं?"

मधुसूदनरावांनी दोनशे माणसांचं सांगितलं.

"मंग? उघडलं का दार?"

"नाही. पोरं चहा पिताहेत."

"दोनशे माणसं उन्हात उभी, अन् तुमी च्या पिताय!" कारभारी ताडकन उठले. "लेकरं किती हायेत त्यायच्यात? इचारलं का कोणी?"

आणि ते झपाझप चालू लागले. हा साधा प्रश्न आपल्याला का सुचला नाही, म्हणून मागून जाताना मधुसूदनरावांना त्या पाठमोऱ्या माणसाचा पुन्हा हेवा वाटला.

कारभारी आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. दर रविवारी तीनला येतात, सहाला जातात. मधुसूदनरावांशी मात्र त्या दिवसानंतर ते अजून बोललेले नाहीत.